एका स्वल्पविरामाने गेलेली ऑर्डर

२००९ सालची गोष्ट आहे. हज त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होता. जेद्दाच्या एका घाऊक व्यापाऱ्याने एहरामसाठी पांढऱ्या टर्किश टॉवेलच्या जोड्यांची ऑर्डर दिली होती. सोलापुरातल्या तीन कारखान्यांत माझा माल विणला जात होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माल धुऊन, घड्या घालून, गाठी बांधून तयार झाला. रमजानचे दिवस होते. कारागिरांना ईदच्या आधी पैसे द्यायचे म्हणून मीही घाईत होतो. अशात एका संध्याकाळी, इफ्तारला दहा-पंधरा मिनिटे असताना, ग्राहकाचा ई-मेल आला. त्याने इंग्रजीत एवढेच विचारले होते की, माल पाठवायला काही उशीर होणार आहे काय?

मी उभ्या उभ्या उत्तर टाईप केले: ‘नो गुड्स आर रेडी’. माझ्या मनात होते, ‘नाही, माल तयार आहे.’ जेद्दात ते वाचले गेले, ‘कोणताही माल तयार नाही.’

दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन लावला, तेव्हा तो म्हणाला, “भाईसाहब, तुम्हीच लिहिलेत की माल तयार नाही. हजचा माल हजच्या आधी नको का? मी दुसरीकडून घेऊन टाकला.” मी त्याला ई-मेल पुन्हा वाचायला सांगितला. त्याने पुन्हा वाचला आणि पुन्हा तेच म्हणाला. त्याचे काही चुकले नव्हते. रात्री माझ्या पुतण्याने, तो तेव्हा कॉलेजात शिकत होता, तो ई-मेल पाहिला आणि विचारले, “चचा, ‘नो’च्या पुढे स्वल्पविराम कुठे आहे?”

पांढऱ्या एहरामला हजचा हंगाम सोडून इथल्या बाजारात कोण विचारतो? काही जोड्या आपल्याकडच्या हाजींनी घेतल्या. उरलेल्या गाठी वर्षभर गोदामात राहिल्या, काहींच्या घड्यांवर पिवळे डाग पडले आणि शेवटी पडेल भावाने द्याव्या लागल्या. सूतवाल्याचे पैसे मात्र ठरल्या तारखेलाच द्यावे लागले.

ही गोष्ट मी आजवर फारशी कोणाला सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण आपले अनेक बांधव आता थेट परदेशी ग्राहकाशी व्यवहार करतात. दलाल मधून गेला, त्याच्याबरोबर त्याचा इंग्रजी लिहिणारा कारकूनही गेला. आता मोबाईल आपल्याच हातात आहे आणि लिहिणारेही आपणच.

खरे म्हणजे थांबण्याचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. उर्दू शाळेत उस्ताद फळ्यावर ‘रोको मत जाने दो’ लिहीत आणि विचारीत, सांगा, माणसाला अडवायचे की सोडायचे? ‘रोको’नंतर थांबलात तर अडवायचे, ‘मत’नंतर थांबलात तर सोडायचे. त्याच्याही आधी मकतबात कुरआन शरीफ शिकताना आपण वक्फच्या खुणा शिकलो. ‘मीम’ आली की थांबणे जरूर, ‘जीम’ आली तर थांबले तरी चालते, ‘ला’ लिहिले असेल तर थांबायचे नाही. बाराव्या शतकातल्या इमाम सजावंदींनी ही पद्धत नीट बसवली. चुकीच्या जागी थांबल्याने अर्थ फिरतो हे आपल्यातल्या सात वर्षांच्या पोरालाही माहीत असते. उर्दूत विरामचिन्हांना नावेही सुंदर आहेत: स्वल्पविराम म्हणजे सकता, अर्धविराम म्हणजे वक्फा, पूर्णविराम म्हणजे खत्मा.

मग इंग्रजी लिहिताना आपले चुकते कुठे? मला वाटते, दोन ठिकाणी. एक तर उर्दूचा सकता उलटा असतो, खत्मा ही छोटी आडवी रेघ असते आणि ओळच उजवीकडून चालते. त्यामुळे इंग्रजीतली टिंबे-स्वल्पविराम शाळेपासून आपल्याला परकी वाटतात आणि आपण ती गाळूनच टाकतो. दुसरे म्हणजे कॅपिटल अक्षर. उर्दूत ते नाही, मराठीतही नाही. जी गोष्ट आपल्या लिपीत नाही, तिला काही अर्थ असेल हे मनाला पटतच नाही. म्हणून आपल्यातला कोणी सगळे पत्र कॅपिटलमध्ये लिहितो, तर कोणी सगळे स्मॉलमध्ये.

मराठी व्यापाऱ्यांचीही पूर्वी हीच तऱ्हा होती. मोडीतल्या वह्यांत शब्दाशब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसे. स्वल्पविराम तर दूरच. मराठीत ही चिन्हे इंग्रजीवरून आली. त्यावर मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. म्हणजे मराठी माणसालाही ही विद्या शिकावीच लागली होती.

सगळे कॅपिटलमध्ये लिहिण्याची आपली सवय मात्र तारेच्या काळातली असावी. माझे वडील मुंबईच्या पेढीला तार करीत. शब्दाला पैसे पडत, म्हणून चार शब्दांत काम उरकायचे आणि तार यायची ती कॅपिटल अक्षरांतच. १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली, पण आपली तार अजून चालूच आहे. परदेशी ग्राहकाला सगळे पत्र कॅपिटलमध्ये आले की, समोरचा ओरडून बोलतो आहे असे वाटते. पैशाची आठवण करून देणारे पत्र असेल तर विचारूच नका. तुम्ही नम्रपणे मागत असता आणि त्याला वाटते, हा दारात येऊन भांडतो आहे.

स्वल्पविरामाने पैसे जातात, तसे मिळतातही. अमेरिकेच्या मेन राज्यात दूध पोचवणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाईमसाठी ओकहर्स्ट डेअरीवर दावा केला होता. ओव्हरटाईम कोणत्या कामांना लागू नाही याची यादी कायद्यात होती: डबाबंद करणे, सुकवणे, साठवणे वगैरे. यादीच्या शेवटी शब्द होते, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, पॅकिंग वेगळे आणि वाटप वेगळे. ड्रायव्हर वाटप करतात, म्हणून त्यांना ओव्हरटाईम नाही. ड्रायव्हर म्हणाले, नाही, हे एकच काम आहे, ‘पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी पॅकिंग’, आणि पॅकिंग तर आम्ही करीतच नाही. मार्च २०१७ मध्ये बोस्टनच्या अपील कोर्टाने शब्दरचना संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. राज्याने कायद्यातली ती यादी नव्याने लिहिली आणि या वेळी प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला.

आता आपल्या धंद्याकडे वळू. आधी कॅपिटल अक्षर. व्याकरणाचे मोजके नियम पाठ असले तरी पुरे: वाक्याचे पहिले अक्षर, माणसाचे, गावाचे, देशाचे, भाषेचे, वाराचे व महिन्याचे नाव, आणि ‘मी’ या अर्थाचा एकटा ‘आय’. बाकी कापूस, टॉवेल, पॉलिएस्टर, चादर यांना वाक्याच्या मध्ये कॅपिटल लागत नाही. आपण मात्र महत्त्वाचे वाटले की कॅपिटल देतो. माल आपल्याला महत्त्वाचा, म्हणून ‘टॉवेल’ला कॅपिटल आणि बिचारे ‘इंडिया’ स्मॉलमध्ये!

कापडाच्या धंद्यात तर या एका अक्षराने वस्तू बदलते. ‘मद्रास’ कॅपिटलने लिहिले तर ते शहर, स्मॉलने लिहिले तर चौकड्यांचे कापड, ज्याच्या लुंग्या आणि शर्ट आपण विकतो. ‘जर्सी’ कॅपिटलने लिहिले तर ते इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातले बेट, स्मॉलने लिहिले तर त्या बेटाच्या नावावरून आलेले होजियरीचे विणलेले कापड. ‘चायना’ कॅपिटलने देश, स्मॉलने चिनी मातीची भांडी. ‘जर्सीचा माल पाठवतो’ असे इंग्रजीत लिहिताना तुम्ही कापडाबद्दल बोलता की गावाबद्दल, हे पहिले अक्षरच सांगते.

मापांचे तसेच. मीटरचा ‘एम’ स्मॉल, ग्रॅमचा ‘जी’ स्मॉल, किलोचा ‘के’सुद्धा स्मॉल. कॅपिटल ‘एम’ हा मापात दहा लाख पट दाखवतो आणि अमेरिकेतल्या काही धंद्यांत तोच एकटा ‘एम’ हजारासाठी वापरतात. पाच मीटरचा नमुना मागवला आणि समोरच्याने पाच हजार वाचले, तर दोष कोणाला देणार? जीएसटीच्या बिलात मात्र उलट आहे. तिथे मापांचे ठरलेले कोड आहेत, मीटर, किलो, नग, डझन यांचे, आणि ते कॅपिटलमध्येच असतात. सरकारी कोड जसा आहे तसा उतरवावा, पत्रात मात्र रीतसर लिहावे.

बिलाच्या क्रमांकाबद्दलही एक गोष्ट. २०१७ च्या जीएसटी नियमांप्रमाणे बिल क्रमांक सोळा अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसावा आणि त्यात चिन्हे दोनच चालतात, आडवी रेघ आणि तिरकी रेघ. टिंब किंवा स्वल्पविराम चालत नाही. १ जून २०२५ पासून ई-इनव्हॉइसच्या पोर्टलने बिल क्रमांकातले कॅपिटल-स्मॉल एकच धरायला सुरुवात केली आहे. म्हणजे स्मॉल ‘ए’चे पहिले बिल आणि कॅपिटल ‘ए’चे पहिले बिल अशा दोन मालिका कोणी चालवत असेल, तर पोर्टल दुसरे बिल दुबार समजेल. आपल्या दिवाणजींना हे एकदा विचारून घ्या.

आकड्यांतल्या टिंब-स्वल्पविरामाने तर मोठी गंमत होते. माझ्या एका व्यापारी मित्राला जर्मनीहून चौकशी आली. नगांच्या जागी एक, मग टिंब, मग पाचशे. हा हसत हसत माझ्याकडे आला, म्हणाला, “दीड टॉवेल मागतोय!” जर्मन माणूस हजाराची फोड टिंबाने करतो आणि दशांशाला स्वल्पविराम लावतो. ती चौकशी पंधराशे नगांची होती. भावही त्याने ‘२,३५ युरो’ असा लिहिला होता. तो दोन युरो पस्तीस सेंट, दोनशे पस्तीस नव्हे. आपण लाखाला १,००,००० लिहितो, परदेशी १००,००० लिहितो. त्याच्या पत्रात त्याच्याच पद्धतीने लिहावे आणि रक्कम अक्षरांतही द्यावी. चेकवर आपण ते करतोच. आकड्यानंतर आपण जी ‘/-’ अशी खूण करतो, ती इथे ठीक आहे. परदेशात तिचा अर्थ कोणाला कळत नाही.

तारखेचे संकट याच्याच जोडीचे. ०५/०६ म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकन माणसाला सहा मे. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटला. तसेच इंच आणि फूट. वर एक छोटी रेघ दिली की फूट, दोन दिल्या की इंच. टॉवेलच्या दोन इंची काठाला घाईत एकच रेघ पडली तर काठ दोन फुटांचा झाला! शब्दच लिहावा. तीन अक्षरे जास्त पडली म्हणून काही बिघडत नाही.

तिरकी रेघ आपल्या धंद्यात फार चालते आणि सुताच्या काउंटमध्ये तिला पक्का अर्थ आहे. २/४० म्हणजे चाळीस नंबरच्या दोन तारा पिळलेले सूत, हे विणकराला सांगावे लागत नाही. पण हीच रेघ शब्दांमध्ये आली की घोटाळा होतो. एलसीवर माल पाठवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने एलसीची कागदपत्रे बँकांनी कशी तपासावीत याची पुस्तिका काढली आहे. तिच्या २०१३ च्या, ७४५ क्रमांकाच्या आवृत्तीत रंगांचेच उदाहरण आहे. एलसीत ‘लाल/काळा/निळा’ एवढेच लिहिले असेल, तर त्याचा अर्थ फक्त लाल, फक्त काळा, फक्त निळा किंवा यांचे कोणतेही मिश्रण, असा धरायचा. ग्राहकाच्या मनात तिन्ही रंग सारखे हवेत असे असेल आणि तुम्ही सगळा लाल पाठवलात, तरी या मुद्द्यावर बँक कागद अडवणार नाही. ग्राहक मात्र पुन्हा दारात उभा करणार नाही. बंदरांच्या नावांमध्ये नुसता स्वल्पविराम असेल तर त्याचाही अर्थ असाच सैल धरतात. म्हणून ‘आणि’ हवे असेल तर ‘आणि’ लिहून घ्यावे, ‘किंवा’ हवे असेल तर ‘किंवा’. त्याच पुस्तिकेत असेही आहे की, अर्थ बदलत नसेल तर ‘मशीन’सारख्या शब्दाच्या स्पेलिंगमधली चूक माफ असते, पण मॉडेल १२३ च्या जागी ३२१ झाले तर माफी नाही.

आता नावाचे. आपल्या लोकांना याचा त्रास जास्त होतो. मोहम्मद हे नाव इंग्रजीत आपण चार-पाच तऱ्हांनी लिहितो आणि वर त्याची संक्षिप्त रूपे करतो. ‘एम’ कॅपिटल, ‘डी’ स्मॉल आणि पुढे टिंब असेल तर तो मोहम्मद. दोन्ही कॅपिटल झाले तर समोरचा तुम्हाला डॉक्टर किंवा मॅनेजिंग डायरेक्टर समजतो. शेखचेही असेच दोन अक्षरी रूप करतात. एका कागदावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर टिंबासह संक्षिप्त, तिसऱ्यावर टिंबाशिवाय! पॅन, जीएसटी, बँक, पासपोर्ट, आयात-निर्यात कोड, सगळीकडे एकच रूप पूर्ण अक्षरांत असावे. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळी कधी पाहिल्यात? तिथे सगळे कॅपिटल असते आणि टिंब, अपॉस्ट्रॉफी काहीही नसते. तिथे टिंब गेले की उरते ते अर्धवट नाव, आणि परदेशातला कारकून तेच तुमचे खरे नाव समजून फॉर्म भरतो.

नावातल्या एका अक्षराने काय होते, हे ब्रिटनमध्ये २००९ साली दिसले. तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाने कार्डिफची ‘टेलर अँड सन्स’ ही जुनी इंजिनिअरिंग कंपनी बंद पडत असल्याची नोंद केली. बंद पडत होती ती ‘टेलर अँड सन’ नावाची वेगळीच कंपनी. चूक लवकरच दुरुस्त झाली, पण तोवर बातमी बाजारात गेली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली आणि चांगली चालणारी कंपनी खरोखरच बुडाली. २०१५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने त्या कार्यालयाला जबाबदार धरले.

शेवटी एक धोक्याची गोष्ट. ग्राहकाच्या नावाने खोटा ई-मेल येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ म्हणून, आणि लोक पैसे पाठवून बसतात. या ठगांचे एक हत्यार कॅपिटल अक्षर हेच आहे. अनेक टाइपांत कॅपिटल ‘आय’ आणि स्मॉल ‘एल’ हुबेहूब सारखे दिसतात. स्मॉल ‘आर’ आणि ‘एन’ जवळजवळ आले की ‘एम’ भासतो. एखाद्या टिंबाची जागा बदलली तरी डोळ्याला कळत नाही. आयएफएससी कोडातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, ‘ओ’ नव्हे, हेही मुलांना सांगून ठेवा. खाते बदलल्याचा निरोप आला की जुन्या नंबरवर फोन करून विचारावे, आलेल्या ई-मेललाच उत्तर देऊन विचारू नये.

मी आता काय करतो? मोठे उत्तर असो की दोन शब्दांचे, पाठवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचतो, मकतबात सबक ऐकवायचो तसे, आणि जिथे श्वास थांबतो तिथे चिन्ह आहे का ते पाहतो. ‘नो’ आणि ‘यस’ने वाक्य सुरू करणे तर सोडूनच दिले आहे. सरळ लिहितो, माल तयार आहे.

दुकानाच्या पाटीचे मात्र काही जमलेले नाही. वडिलांच्या काळात पेंटरने ‘सन्स’च्या आधीच एक अपॉस्ट्रॉफी मारून ठेवली, ‘सन'स’. एका मुलाची वस्तू असावी तशी! आम्ही भाऊ तिघे. पाटीवरून ती खूण लेटरहेडवर गेली, लेटरहेडवरून बँकेच्या खात्यात. पुतण्या म्हणतो, “चचा, आता पाटी बदलून घ्या.” मी त्याला म्हटले, पाटी उद्या बदलेल बाबा, पण मग बँकेत, करारांत आणि प्रत्येक ग्राहकाच्या वहीत ते बदलायला तू जाणार का? तूर्त जिथे ती खूण नोंदलेली आहे, तिथे ती तशीच उतरवतो.